चाळीस दिवस आणि पन्नास दिवस



राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेण्यासाठी आपण आवर्जून येतो. उत्तम शुक्रवारी तर वर्षभर न दिसणारे चेहरेही क्रुसाचे चुंबन घ्यायला रांगेत उभे असतात. ईस्टरच्या रात्री नवे कपडे, मेणबत्त्या, गाणी, गळाभेटी असे सगळे असते. मात्र पुढच्या रविवारपासून बाकडी रिकामी होऊ लागतात. चाळीस दिवस बंद ठेवलेली तंबाखूची पुडी पुन्हा खिशात येते. उपवासकाळात संध्याकाळी घरात सुरू झालेली रोझरी थांबते. जणू काही आपण चाळीस दिवसांची शिक्षा भोगून सुटलो!

ह्या लेखात आपल्याला एकाच गोष्टीचा विचार करायचा आहे. उपवासकाळ चाळीस दिवसांचा आहे, तर पुनरुत्थानकाळ पन्नास दिवसांचा आहे. म्हणजे तो उपवासकाळापेक्षा मोठा आहे. मग पहिले चाळीस दिवस आपण जिवापाड पाळतो आणि नंतरचे पन्नास दिवस एका दिवसात उरकतो, असे का होते? आणि सावदा, फैजपूर, रावेर, यावल ह्या आपल्या भागात, जिथे कॅथलिक कुटुंबे थोडी आणि विखुरलेली आहेत, तिथे हे नव्वद दिवस कसे जगावेत?

१. दोन काळ, एकच सण

प्रथम दिवसांचा हिशेब समजून घेऊ. राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत मोजले तर ४६ दिवस भरतात. त्यांतले ६ रविवार वगळायचे, कारण प्रत्येक रविवार हा प्रभूच्या पुनरुत्थानाचाच दिवस आहे. उरतात ते ४० दिवस. प्रभू येशूने अरण्यात काढलेल्या चाळीस दिवसांची ही आठवण आहे. उपासनेच्या नियमाप्रमाणे उपवासकाळ पवित्र गुरुवारी, प्रभुभोजनाच्या मिस्सापूर्वी संपतो आणि तिथून पास्काचे तीन पवित्र दिवस सुरू होतात.

ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते, म्हणून अनेक जण गोंधळतात. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल ह्या दरम्यान केव्हाही येतो. आपल्या पंचांगाच्या भाषेत सांगायचे तर फाल्गुन किंवा चैत्र पौर्णिमेनंतरचा रविवार. म्हणूनच आपला ईस्टर कधी शेजाऱ्यांच्या होळीनंतर, तर कधी हनुमान जयंतीनंतर लगेच येतो. २०२६ सालचा ईस्टर ५ एप्रिलचा आणि २०२७ सालचा २८ मार्चचा. तिथून पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्म्याचा सण, म्हणजे पेंटेकॉस्ट येतो. त्या तारखा आहेत २४ मे २०२६ आणि १६ मे २०२७.

उपवासकाळ कशासाठी आहे, ह्याचे उत्तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसिद्ध झालेल्या उपासनेविषयीच्या दस्तऐवजात दिले आहे. उपवासकाळाला दोन बाजू आहेत असे परिषद सांगते. एक म्हणजे बाप्तिस्म्याची आठवण किंवा तयारी आणि दुसरी म्हणजे प्रायश्चित्त. आपण दुसरी बाजू लक्षात ठेवली आणि पहिली विसरलो. सुरुवातीच्या ख्रिस्तसभेत ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा घेणाऱ्यांची तयारी ह्या काळात होत असे. चौथ्या शतकात एजेरिया नावाची एक यात्रेकरू स्त्री जेरुसलेमला गेली होती. तिथे उपवासकाळात बाप्तिस्म्याच्या उमेदवारांना बिशप रोज शिकवण देत, आणि ईस्टरनंतरच्या आठवड्यात त्यांना मिळालेल्या संस्कारांचा अर्थ उलगडून सांगत, असे तिने लिहून ठेवले आहे. म्हणजे ईस्टरला शिकवण संपत नसे. खरा उलगडा तिथूनच सुरू होत असे.

त्याच दस्तऐवजात आणखी एक वाक्य आपण मनावर घेण्यासारखे आहे. उपवासकाळातील प्रायश्चित्त केवळ मनातले आणि एकेकट्याचे नसावे, ते बाहेर दिसणारे आणि सामाजिकही असावे, असा त्याचा आशय आहे. पुढच्या सगळ्या मुद्द्यांना हाच आधार आहे.

२. उपवास: शेजाऱ्यांच्या डोळ्यांसमोर

आपल्या भागात उपवास हा शब्द कोणालाही शिकवावा लागत नाही. शेजारी कोणाची एकादशी असते, कोणाची चतुर्थी. नवरात्रात आणि रमजानात केळीची मागणी वाढते, हे तर केळीच्या पट्ट्यातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. २०२५ आणि २०२६ ह्या दोन्ही वर्षी रमजान आणि आपला उपवासकाळ जवळजवळ एकाच वेळी सुरू झाला. आपले मुस्लिम शेजारी दिवसभर पाण्याचा थेंबही घेत नाहीत. त्या मानाने आपला नियम किती सौम्य आहे! राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार ह्या दोन दिवशी, १८ वर्षे पूर्ण झालेल्यांपासून साठाव्या वर्षाच्या आरंभापर्यंतच्या व्यक्तींनी एकदाच पोटभर जेवायचे. उरलेल्या दोन वेळी थोडेसे खायचे. १४ वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांनी ह्या दोन दिवशी मांस वर्ज्य करायचे. शुक्रवार हा वर्षभर प्रायश्चित्ताचा दिवस आहे, हेही विसरू नये.

आजारी माणसे, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या माता, उन्हात अंगमेहनतीचे काम करणारे मजूर ह्यांच्यावर उपवासाची सक्ती नाही. मार्च महिन्यातल्या उन्हात डोक्यावर केळीचे घड वाहणाऱ्या भावाने पाणी सोडावे, अशी ख्रिस्तसभेची अपेक्षा नाही. त्याने दुसऱ्या मार्गाने प्रायश्चित्त करावे.

एक धोका मात्र आपण ओळखला पाहिजे. मराठीत म्हण आहे, ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’. मटण सोडले आणि त्याच पैशांत महाग मासळी आणली, तर नियम पाळला गेला, पण उपवास झाला का? यशया संदेष्ट्याने ५८ व्या अध्यायात देवाला आवडणारा उपवास कोणता ते सांगितले आहे. अन्यायाची बंधने सोडवणे, भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणे, बेघराला घरात घेणे, हा तो उपवास. ताटातून जे कमी झाले ते कोणाच्या तरी ताटात गेले पाहिजे.

म्हणून आम्ही एक सोपी पद्धत सुचवतो. घरात देवाच्या चित्राजवळ एक डबा ठेवा. चहा, पान, तंबाखू, मोबाइलचे जास्तीचे रिचार्ज, मुलांची पाकिटातली खाऊ-वेफर ह्यांपैकी जे सोडले त्याचे पैसे रोज त्यात टाका. घरटी रोज २० रुपये पडले तरी चाळीस दिवसांत ८०० रुपये होतात. दहा कुटुंबांनी केले तर ८,००० रुपये होतात. ह्या पैशांचे काय करायचे ते लेखाच्या शेवटी पाहू. कॅरिटास इंडिया ही आपल्या देशातील कॅथलिक बिशपांची सेवासंस्था १९६२ साली स्थापन झाली. तीही उपवासकाळात भूक आणि रोग ह्यांविरुद्ध मोहीम राबवते. तिच्यासाठी चर्चमध्ये वर्गणी गोळा होते तेव्हा त्यात आपला त्याग पडावा. खिशातली मोड टाकून मोकळे होऊ नये.

३. प्रार्थना: घरात जमलेली ख्रिस्तसभा

जळगाव जिल्हा नाशिक धर्मप्रांतात येतो. हा धर्मप्रांत १९८७ साली पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला. नाशिक, अहिल्यानगर, धुळे, नंदुरबार आणि जळगाव असा त्याचा मोठा विस्तार आहे. इतक्या मोठ्या प्रदेशात धर्मगुरू प्रत्येक गावी दर आठवड्याला पोहोचतीलच असे नाही. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावी नोकरीनिमित्त कॅथलिक कुटुंबे एकत्र आली, पण खेड्यांत एखाद-दुसरेच घर असते. रोजंदारी बुडवून, गाडीभाडे खर्चून प्रत्येक शुक्रवारी क्रुसाच्या वाटेला जाणे सर्वांना जमत नाही.

पण म्हणून उपवासकाळ सुना जायला नको. क्रुसाच्या वाटेची १४ स्थाने आहेत. प्रत्येक शुक्रवारी दोन स्थाने घरातच घ्या. दिवा लावा, एकाने शुभवर्तमानातला उतारा वाचावा, सर्वांनी थोडा वेळ शांत बसावे, मग एक ‘हे आमच्या बापा’ म्हणावे. राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी सुरुवात केली तर उत्तम शुक्रवारपूर्वी सहा शुक्रवार मिळतात. त्यांत बारा स्थाने होतात आणि शेवटची दोन उत्तम शुक्रवारी घेता येतात. मुलांनाही वाचायला द्या. लहान मुलाने अडखळत वाचलेले दुःखसहन घरातल्या मोठ्यांच्या काळजाला अधिक भिडते.

प्रभूचे दुःखसहन आपल्या भाषेत ऐकण्याची आपली परंपरा जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज जेजुइट धर्मगुरूंचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांच्या ह्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात प्रभूचा जन्म, दुःखसहन, मरण आणि पुनरुत्थान ह्यांची कथा आहे. आपल्या पूर्वजांना ही कथा ओवीतून कळत असे. आज आपल्या हाती मराठी पवित्र शास्त्र आहे, मोबाइलवरही आहे. कमी आहे ती फक्त एका वेळी एकत्र बसण्याची.

४. दानधर्म: आधी देणे, मग दान

दानधर्माविषयी बोलताना एक अवघड गोष्ट टाळून चालणार नाही. कोणाचे देणे थकवून केलेले दान देवाला आवडत नाही. अनुवादाच्या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात स्पष्ट आज्ञा आहे, की गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यावर टांगलेला असतो. शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी देवापुढे ओरडते, असे संत याकोब ५ व्या अध्यायात लिहितो. आपल्यापैकी काही जण मजुरी करतात. काही जण दुसऱ्यांकडून काम करून घेतात, मग ते शेतात असो, घरबांधणीत असो की घरकामात. कोणाची मजुरी, कोणाची उसनवारी, दुकानदाराची उधारी आपल्याकडे राहिली आहे का? ती झावळ्यांच्या रविवारपूर्वी चुकती करणे हा उपवासकाळातला पहिला दानधर्म समजावा. जक्कय प्रभूला घरी घेऊन गेला, तेव्हा त्याने आधी फसवलेल्यांना चौपट परत करण्याचे वचन दिले (लूक १९). तारण आज ह्या घरात आले आहे, असे प्रभूने म्हटले ते त्यानंतर.

५. समेट: सर्वांत कठीण प्रायश्चित्त

मांस सोडणे सोपे असते. अबोला सोडणे कठीण असते. बांधावरून, घराच्या वाटणीवरून, लग्नातल्या मानापानावरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षे बोलत नाहीत. दोघेही मिस्साला येतात, एक डाव्या बाजूला बसतो आणि एक उजव्या. शांतीचे चिन्ह देण्याची वेळ आली की दोघेही दुसऱ्याच कोणाकडे वळतात. प्रभूने मत्तयाच्या ५ व्या अध्यायात सांगितले आहे, की अर्पण वेदीपाशीच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर आणि मग येऊन अर्पण कर. त्याने चूक कोणाची होती हे विचारायला सांगितले नाही. भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे एवढे आठवले, तरी आपणच उठून जायचे.

समेट म्हणजे जमिनीचा हक्क सोडणे नव्हे. वाद कायद्याने सुटत असेल तर सुटू द्यावा. पण एकमेकांच्या घरातले आजारपण विचारायचे नाही, पोरांना चुलत भावंडांशी खेळू द्यायचे नाही, हे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. एखाद्या संध्याकाळी जाऊन एक कप चहा घेणे एवढ्याने सुरुवात होते. समोरच्याने दार उघडले नाही, तरी आपले पाऊल देवाने पाहिलेले असते. मात्र जिथे मारहाण किंवा छळ होत आहे, तिथे गप्प राहून सोसत राहा असा ह्याचा अर्थ नाही. अशा वेळी आधी सुरक्षितता पाहावी आणि धर्मगुरूंची व विश्वासू माणसांची मदत घ्यावी.

ह्याच काळात पापनिवेदन करावे. गंभीर पापांची कबुली वर्षातून एकदा तरी द्यावी आणि पुनरुत्थानकाळात ख्रिस्तशरीर स्वीकारावे, हा नियम १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेपासून चालत आला आहे. पवित्र आठवड्यातल्या गर्दीची वाट न पाहता आधीच धर्मगुरूंना भेटावे.

६. ईस्टरची रात्र: पाण्याची रात्र

पवित्र शनिवारची रात्र ही वर्षातली सर्वांत मोठी उपासना आहे. कित्येक शतके हा जागरणविधी शनिवारी सकाळीच उरकला जात असे. पोप बारावे पायस ह्यांनी १९५१ साली तो रात्री साजरा करण्याची परवानगी दिली आणि १९५६ पासून पवित्र आठवड्याची सुधारलेली उपासना सर्वत्र लागू झाली. अंधारात नवा अग्नी पेटतो. पास्काच्या मेणबत्तीवर त्या वर्षाचे आकडे कोरले जातात, कारण ख्रिस्त ह्या वर्षाचाही प्रभू आहे. मग पाणी आशीर्वादित होते आणि आपण सारे हातात मेणबत्ती घेऊन बाप्तिस्म्याची वचने पुन्हा देतो. चाळीस दिवसांची सारी वाटचाल ह्या क्षणासाठी होती.

प्रभूने योहानाच्या १२ व्या अध्यायात गव्हाच्या दाण्याचा दाखला दिला. दाणा जमिनीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, मेला तर पुष्कळ पीक देतो. आपल्या भागातल्या माणसाला हे केळीच्या बागेतही दिसते. केळीच्या खोडाला घड एकदाच येतो. घड कापला की त्या खोडाचे काम संपले. पण त्याच्या बुडाशी पील आलेले असते आणि पीलबाग ठेवली तर पुढचा घड त्याच्यावर येतो. खोड स्वतःसाठी काही राखत नाही. आपल्या चाळीस दिवसांच्या त्यागानेही असेच दुसऱ्या कोणाला तरी फळ द्यावे.

७. पन्नास दिवस काय करावे?

आता डब्यातल्या पैशांकडे वळू. पुनरुत्थानकाळ आपल्या खानदेशात एप्रिल-मेच्या कडक उन्हात येतो. पारा चाळीसच्या वर जातो, विहिरींचे पाणी खाली जाते, रस्त्यावरचा माणूस सावली आणि घोटभर पाणी शोधत असतो. ज्या पाण्याने आपला बाप्तिस्मा झाला त्या पाण्याची आठवण करण्याचे हे पन्नास दिवस नेमके तहानेचे दिवस आहेत. मग दोन-चार कुटुंबांनी मिळून रस्त्यालगत, स्टँडजवळ किंवा आपल्या दारासमोर पाणपोई का लावू नये? दोन रांजण, वरून सावलीला कापड, झाकण, लांब दांड्याचा ओगराळा आणि रोज रांजण धुऊन भरण्याची पाळी ठरलेली, एवढे पुरे. पाणी गाळलेले आणि स्वच्छ असावे. जागा सार्वजनिक असेल तर नगरपालिकेची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी घ्यावी. पाणी पिणाऱ्याला त्याचा धर्म विचारू नये. तहानलेल्याला पाणी दिले ते मलाच दिले, असे प्रभूने मत्तयाच्या २५ व्या अध्यायात म्हटले आहे. पैसे उरले तर जूनमध्ये एखाद्या मुलीच्या वह्या-पुस्तकांना किंवा आजारी माणसाच्या औषधाला लावावेत. तेही गाजावाजा न करता.

पन्नास दिवसांच्या रविवारची वाचनेही सोडू नयेत. दुसऱ्या रविवारी दरवर्षी संत थॉमसची कथा वाचली जाते. ह्याच रविवारला पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी २००० साली दैवी दयेचा रविवार म्हणून घोषित केले. चौथ्या रविवारी उत्तम मेंढपाळाचा उतारा असतो. ह्या काळात पहिले वाचन प्रेषितांच्या कृत्यांतून येते. आपल्यासारखीच मूठभर, विखुरलेली कुटुंबे एकमेकांच्या घरी जमून भाकर मोडत होती आणि कोणाला उणे पडू देत नव्हती, हे त्यात वाचायला मिळते.

घरात शुक्रवारची क्रुसाची वाट होती, तशी आता ‘प्रकाशाची वाट’ घेता येईल. रिकाम्या कबरेपासून पवित्र आत्म्याच्या आगमनापर्यंतच्या १४ प्रसंगांची ही भक्ती आहे. लोकभक्तीविषयी व्हॅटिकनने २००१ साली काढलेल्या मार्गदर्शिकेतही तिचा उल्लेख आहे. सुट्टीमुळे मुले घरी असतात, पाहुणे येतात. संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडून सारे बाहेर बसतात, तेव्हा एक प्रसंग वाचायला दहा मिनिटे पुरतात. अम्माऊसच्या वाटेवरच्या दोन शिष्यांना प्रभू भेटला (लूक २४) तोही संध्याकाळीच. निराश होऊन घरी परतणाऱ्या माणसांबरोबर तो चालला, त्यांच्या आग्रहावरून मुक्कामाला थांबला आणि भाकर मोडताना ओळखू आला. ज्यांचे गाव चर्चपासून दूर आहे त्यांना ह्या कथेचा मोठा आधार आहे. प्रभू वाटेवर भेटतो आणि घरी येतो. पण ते दोघे त्याला ओळखल्यावर घरी बसून राहिले नाहीत. त्याच रात्री उठून ते जेरुसलेमला, आपल्या बांधवांकडे परत गेले. म्हणून घरची प्रार्थना ही मिस्साची जागा घेत नाही. ती आपल्याला मिस्साकडे नेते.

आणि उपवासकाळात जे व्यसन सोडले, जो समेट केला, ते ईस्टरनंतर चालू ठेवा. चाळीस दिवस तंबाखूविना राहता आले, तर पुढचे पन्नास दिवसही राहता येईल. नव्वद दिवस झाल्यावर कदाचित तिची आठवणही येणार नाही.

चिंतन व कृतीसाठी

१. ह्या उपवासकाळात आमच्या घरी काय कमी केले आणि त्याचा वाटा कोणाकडे गेला?
२. कोणाची मजुरी, उधारी किंवा उसने पैसे आमच्याकडे राहिले आहेत का? ते कोणत्या दिवशी देणार?
३. ज्यांच्याशी अबोला आहे अशा एका घरी आम्ही झावळ्यांच्या रविवारपूर्वी जाणार का?
४. पाणपोईसाठी आमच्या वस्तीतली कोणती जागा योग्य आहे? पाणी भरण्याची पाळी कोण घेणार?
५. ईस्टरनंतरच्या पन्नास दिवसांत घरातली प्रार्थना चालू राहावी म्हणून कोणती वेळ ठरवणार?

हे प्रश्न कुटुंबात किंवा शेजारच्या दोन-तीन कुटुंबांनी मिळून वाचावेत. एका बैठकीत एकच प्रश्न घेतला तरी चालेल.

उठलेला प्रभू आपल्या घरांना शांती देवो आणि आपल्या हातून कोणाची तरी तहान भागवो. आमेन.